भूपाळीचे शब्द गेले की बासरीनं काय करायचं?

वाचकाचं पत्र

"मी पंचवटीत राहतो, सातपूरला एका कारखान्यात पाळीनं कामाला आहे. सहा वर्षांपासून बासरी शिकतो. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे आमच्या सोसायटीच्या पटांगणात गाण्याचा कार्यक्रम असतो, त्यात यंदा मला सात मिनिटं दिली आहेत. आमच्या देवळात कार्तिकात काकड्याला जी भूपाळी म्हणतात ती इथं लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. तिच्यावर एकट्या बासरीची रचना करायची आहे. साथीला तबला नाही, पेटी नाही. ध्रुवपदाच्या दोन ओळींचं नोटेशन सोबत जोडलं आहे. दोन महिने खटपट करतोय. जशीच्या तशी वाजवली तर रटाळ होते, आणि सजवायला गेलो की बायको म्हणते, 'हे छान आहे, पण भूपाळी कुठं आहे यात?' शिवाय ही चाल भूप रागातली, आणि भूप हा रात्रीचा राग. तो पहाटे वाजवला तर जाणकार नावं ठेवतील का? बासरी पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची), सहा छिद्रांची आहे."

उत्तर

नमस्कार. तुमच्या घरातल्या श्रोत्यानं दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं आहे. त्यांना सोबत घेऊनच ही रचना पुरी करा. ओळखीच्या चालीवर बेतलेली रचना शेवटी त्यांच्यासारख्या कानांसाठीच असते.

आधी तुम्ही पाठवलेल्या ओळी इथं देतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही पुढचं समजेल. अक्षराखाली बिंदू म्हणजे मंद्र (खालच्या सप्तकातला) स्वर, वर अनुस्वार म्हणजे तार (वरच्या सप्तकातला) स्वर, आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर पुढं चालू, आणि दोन स्वर जोडून लिहिले तर ते एका मात्रेत, म्हणजे तालाच्या एका ठोक्यात. भजनी ठेक्याची दोन आवर्तनं म्हणजे १६ मात्रांची एक ओळ.

ग – ग रे | सा रे ग – | प – ग रे | सा – – –
सा रे ग प | ध – प ग | रे – ग रे | सा – – –

ही चाल बासरीवर रटाळ का होते, ते पहिल्या चार मात्रांतच दिसतं. गाताना तिथं दोन अक्षरं आहेत. पहिल्या गंधारावर एक, तिसऱ्या मात्रेवरच्या गंधारावर दुसरं. गाणाऱ्याच्या तोंडातलं व्यंजन त्या दोन गंधारांना वेगळं करतं. बासरीवर व्यंजन नाही, म्हणून दोन्ही मिळून तीन मात्रांचा एकच लांबलचक गंधार होतो आणि चालीचा ठसका तिथंच जातो. श्रोता मनात शब्द म्हणत असतो, त्याला दुसरं अक्षर ऐकूच येत नाही. सहसा वाजवणारा यावर उपाय म्हणून हरकती, म्हणजे सजावटीचे छोटे स्वरसमूह, भरायला लागतो. खरं तर आधी गेलेली व्यंजनं परत आणायची असतात.

त्यासाठी एक संध्याकाळ द्या. नोटेशनखाली भूपाळीचे शब्द अक्षर सुटं करून लिहा आणि प्रत्येक अक्षर जिथं सुरू होतं तिथं उभी रेघ मारा. मग ती अक्षरं मोठ्यानं म्हणून बघा. क, च, ट, त, प, घ, ध यांसारख्या कडक अक्षरांना जिभेनं हलकासा 'तु' द्या. य, र, ल, व, म, न अशा मऊ अक्षरांना जीभ लावू नका. तिथं बोटानं स्वर तोडा किंवा फुंक किंचित दाबून सोडा. अक्षर दीर्घ असेल तर स्वर पूर्ण मात्राभर धरा, ऱ्हस्व असेल तर थोडा आधी सोडा. एवढं केलंत की एकही हरकत न घेता चाल बोलू लागते. रचनेतली साधी चाल ती हीच, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची.

दोन सारख्या स्वरांमध्ये बोटानं तोडायचं म्हणजे काय, ते याच गंधारावर पाहू. गंधाराला डाव्या तर्जनीनं पहिलं छिद्र बंद असतं, बाकी पाच उघडी. फुंक चालू ठेवून मधल्या बोटानं दुसऱ्या छिद्रावर टिचकी मारल्यासारखा स्पर्श करा आणि लगेच उचला. क्षणभर रिषभाचा कण लागतो आणि गंधार नव्यानं उगवतो. हे बरोबर. पुष्कळजण उलटं करतात. तर्जनीच उचलून परत ठेवतात, कारण ते हाताला सोपं जातं. पण सगळी छिद्रं उघडी म्हणजे तीव्र मध्यम. भूपात मध्यम नाही. इतक्याशा कणानं चाल कल्याण रागाच्या वळणावर जाते. ऐकणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण 'आपल्या देवळातली नाही ही' असं त्याला वाटून जातं. तुमचं वाजवणं फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि फक्त गंधार ऐका. मध्यम डोकावत असेल तर लगेच कळेल.

तशीच खबरदारी षड्जावरून धैवतावर उतरताना घ्यावी लागते. षड्जाला वरची तीन छिद्रं बंद, धैवताला पाच. चौथं आणि पाचवं बोट एकापाठोपाठ सावकाश सरकवलंत तर मधे निषाद वाजतो. षड्जावरून धैवताकडे निषादाला स्पर्श करत येणारी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) शुद्ध कल्याण रागात हवीच असते. भूपात दोन्ही बोटं एकदम ठेवा.

आता बासरीची रचना आणि चालीची रचना एकमेकींत कशी बसते ते पाहू. पुढचा सगळा आराखडा याच्यावर उभा आहे. सहाही छिद्रं बंद करून हलकी फुंक घातली की मंद्र पंचम, पाच बंद म्हणजे धैवत, तीन बंद म्हणजे षड्ज, दोन बंद म्हणजे रिषभ, एक बंद म्हणजे गंधार. भूपाचे पाचही स्वर पूर्ण छिद्रांवर येतात. कुठंही अर्धं छिद्र दाबावं लागत नाही. आता तीच बोटं तशीच ठेवून फुंक जोरकस आणि बारीक केली की मध्य पंचम, मध्य धैवत, तार षड्ज, तार रिषभ, तार गंधार. म्हणजे तुमच्या बासरीत भूपाची दोन घरं आहेत. खालचं घर प़ ध़ सा रे ग, वरचं घर प ध सां रें गं. दोन्हींत बोटं तीच, बदलते ती फक्त फुंक.

पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरी मैफलीत आणली आणि मंद्र तीव्र मध्यमासाठी सातवं छिद्र जोडलं. तुमच्या बासरीला ते नाही याची खंत बाळगू नका. भूपात मध्यमच नसल्यामुळे सहा छिद्रांवर सगळं भागतं.

अडचण एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे दोन घरांमधला उंबरा. मध्य गंधाराला एकच छिद्र बंद, आणि लगेच वरच्या पंचमाला सहाही. एकदम पाच बोटं खाली यायला हवीत आणि त्याच क्षणी फुंकही बदलायला हवी. त्यातलं एखादं बोट, बहुधा उजवी अनामिका, किंचित उशिरा पोचतं आणि मधेच धैवताची चिर्र वाजते. या उंबऱ्यावर मींडही काढता येत नाही. प़ पासून ग पर्यंत मींड येते, प पासून गं पर्यंत येते, पण ग–प मध्ये नाही. गाणाऱ्याच्या गळ्यात हीच मींड भूपाची शोभा असते. गायकाची ती जागा ऐकून बासरीत आणायला गेलात तर दर वेळी फसगत होईल.

म्हणून सजावट लिहिताना एक हिशेब ठेवा. ओळीत उंबरा किती वेळा ओलांडावा लागतो? तुमच्या मूळ पहिल्या ओळीत दोनदा. प वर चढताना एकदा, ग वर उतरताना एकदा. आता पेटी समोर ठेवून सहज सुचेल अशी सजावट पाहा:

ग प ग रे | सा ध़सा रे ग | प धप ग रे | सा – – –

कागदावर छान दिसते, पेटीवर छान वाजते. बासरीवर उंबरा चारदा येतो, त्यातला पहिला तर ओळीच्या दुसऱ्याच मात्रेला. ओळ अडखळत सुरू होते आणि श्रोत्याचं लक्ष चालीवरून तुमच्या बोटांकडे जातं. तीच ओळ थोडी बदलू:

ग सारे ग रे | सा ध़सा रे ग | प धप ग रे | सा – – –

आता उंबरा पुन्हा दोनदाच आला आणि तोही मूळ चालीत होता तिथंच. भरणी जवळपास तितकीच आहे, पण ती खालच्या घरात केली. उंबऱ्यावर पाऊल टाकताना बोटं आधी ठेवायची आणि फुंक मागून सोडायची. मधे डोळ्याची पापणी लवेल इतकीच शांतता. ती ऐकू येत नाही, चिर्र मात्र येते.

याच ओळीत तुमच्या पत्नींच्या तक्रारीचं उत्तरही आहे. मूळ चालीत १, ५, ९ आणि १३ या मात्रांवर अनुक्रमे ग, सा, प, सा आहेत. सजवलेल्या ओळीतही त्या मात्रांवर तेच स्वर आहेत. हे चार स्वर म्हणजे चालीचे खांब. खांब हलले नाहीत तर मधल्या खणांत काहीही केलं तरी घर ओळखू येतं. एखादाच खांब हलवलात तरी चालतं, पण ओळीचा पहिला आणि शेवटचा कधीच नाही. दुसऱ्या ओळीचे खांब सा, ध, रे, सा. त्यातला रे तुमच्या भूपाळीचा खास आहे, कारण धैवतापर्यंत चढल्यावर ओळ रिषभावर थबकते. त्या रिषभाला पूर्ण दोन मात्रा द्या आणि त्यावर कोणतीही हरकत लादू नका. काकड्याला म्हणणारे लोक बहुधा तिथंच सूर लांबवत असतील.

भूप पहाटे वाजवण्याबद्दल. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा हे खरं, आणि भूपाळी हा देवाला जागं करण्याचा पहाटेचा गीतप्रकार हेही खरं. सगळ्या भूपाळ्या भूप रागातच असतात असंही नाही. तुम्ही रागाची मैफल मांडत नाही, देवळातली चाल वाजवता आहात, आणि ती चाल पहाटेचीच आहे. वेळेची काळजी सोडून द्या. खरी काळजी निराळी आहे. हेच पाच स्वर घेऊन सकाळचा एक राग आहे, देशकार. भूपाचा वादी (सगळ्यात मुख्य) स्वर गंधार, संवादी (त्याखालोखालचा) धैवत. देशकारात वादी धैवत आणि सगळा जोर वरच्या भागावर. पहाटेची वेळ, बासरीचं वरचं घर गोड वाजतं, हात आपोआप प ध सां ध प मध्ये रमतो, आणि दोन मिनिटांत भूपाळीचा देशकार होतो. म्हणून नियम ठेवा. वरच्या घरात कितीही फिरलात तरी धैवतावर मुक्काम करायचा नाही. प्रत्येक फेरीचा शेवट मध्य गंधारावर किंवा षड्जावर.

आता सात मिनिटांचा आराखडा. प्रत्यक्ष वाजवायला सहाच धरा, एक मिनिट पटांगणातल्या गडबडीला आणि श्वासाला. लय मिनिटाला ६० मात्रांची ठेवा, म्हणजे एक मात्रा एक सेकंद आणि गणित सोपं. ध्रुवपद ३२ सेकंदांचं, ध्रुवपद आणि एक कडवं मिळून ६४ सेकंदांचं.

सुरुवात ८० सेकंदांच्या आलापानं, खालच्या घरात. मंद्र पंचमापर्यंत सावकाश उतरा. साथीला तानपुरा नाही, त्यामुळे षड्ज कुठं आहे हे श्रोत्याच्या कानात तुम्हीच रुजवायचं आहे. दर वाक्य षड्जावर आणून थांबवा. आलापात चाल उघड करू नका. शेवटच्या वाक्यात फक्त 'ग – ग रे' एवढं अक्षरांच्या तोडीसकट वाजवा आणि षड्जावर न जाता थांबा. दोन सेकंद गप्प. पटांगणातल्या कुणीतरी पुढची ओळ मनात पुरी केलेली असेल.

मग साधी चाल, ध्रुवपद आणि कडवं, ६४ सेकंद. एकही सजावट नाही. इथं घाई करणारे फार. त्यांना वाटतं, माहीत असलेलं काय वाजवायचं. पण पुढच्या सगळ्या बदलांचं माप श्रोता या ६४ सेकंदांवरून घेणार असतो.

तिसरा भाग पुन्हा ६४ सेकंद, वर दाखवल्यासारखी खण भरलेली चाल. एकाच ओळीत चारही खण भरू नका. पहिल्या ओळीत पहिला आणि दुसरा, दुसऱ्या ओळीत तिसरा, पण रिषभाच्या दोन मात्रा सोडून. शेवटचा खण म्हणजे 'सा – – –' रिकामाच ठेवा, तो श्वासाचा आहे.

चौथ्या भागात दोन घरांचा संवाद. रचनेचा गाभा हाच, इथं वेळ घालवा. चालीतून खालच्या घरात पूर्ण बसणारा तुकडा उचला, उदाहरणार्थ 'सा रे ग –'. तो खाली वाजवा. मग तीच बोटं, जोरकस फुंक, 'सां रें गं –'. पुढच्या वेळी खाली 'ग रे सा ध़', वर 'गं रें सां ध'. एकच माणूस, एकच बासरी, पण ऐकणाऱ्याला दोघं बोलताहेत असं वाटतं. देवळात एकानं सांगावं आणि मागच्यांनी धरावं, तसं. हे जमायला तीन पथ्यं. खालचा तुकडा जिभेशिवाय, वरचा हलक्या जिभेनं, म्हणजे दोन आवाज वेगळे कळतात. दोहोंमध्ये एक मात्रा रिकामी. आणि खालचा तुकडा वरच्यापेक्षा किंचित मोठ्या आवाजात हवा, कारण बासरीचं खालचं घर मुळातच मवाळ असतं. बरोबरीनं वाजवलंत तर पटांगणाच्या मागच्या रांगेला खालचा तुकडा पोचतच नाही. हा भाग ६४ सेकंदांत बसवा आणि शेवटी दुसरी ओळ साधी वाजवून चालीचं बोट परत धरा.

पाचवा भाग दून. फक्त ध्रुवपद, दोनदा, एकूण ३२ सेकंद. दुनीत खण भरायचे नाहीत. चाल दुप्पट वेगानं गेली की तीच सजावट असते. दुनीतला उंबरा अवघड, म्हणून 'ग – | प' मधली गंधाराची दुसरी मात्रा सोडून द्या आणि त्या जागेत बोटं ठेवा. चौगुन, म्हणजे चौपट वेग, करू नका. सहा वर्षांच्या मेहनतीनं ती हाताला येईल, पण तबल्यावाचून एकटी चौगुन मोकळ्या जागेत नुसती गिचमीड ऐकू येते.

दुनीनंतर लगेच तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येणं, मूळ लयीत. १६ मात्रांच्या ओळीत समेपासून समेपर्यंत तिहाईचा हिशेब असा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मधे दोनदा एकेक मात्रा रिकामी. ५ + १ + ५ + १ + ५ म्हणजे १७, आणि सतरावी मात्रा हीच पुढची सम. तुकडा 'प़ ध़ सा रे ग' घ्या. बोटं एकामागून एक उचलत जायची, कुठंही उंबरा नाही. पहिल्यांदा हलकं, दुसऱ्यांदा थोडं भरून, दोन्ही खालच्या घरात. तिसऱ्यांदा वरच्या घरात, 'प ध सां रें गं', आणि सम तार गंधारावर. घर बदलतं ते बरोबर रिकाम्या मात्रेत, त्यामुळे श्वास घ्यायला आणि ओठ बसवायला पूर्ण एक सेकंद मिळतो. तिहाई दुनीत घ्यायचा मोह होईल, पण तिथं हा सेकंद अर्धा होतो आणि तार गंधार चिरकतो. तार गंधार समेनंतर आणखी तीन मात्रा धरून सोडा. हे सगळं मिळून २० सेकंद.

शेवट ध्रुवपदाची पहिली ओळ, निम्म्या लयीत, ३२ सेकंद, खालच्या घरात जितकी राहील तितकी, अगदी साधी. शेवटचा षड्ज श्वास संपेपर्यंत ताणू नका. ताणला की सूर उतरतो. श्वास शिल्लक असतानाच फुंक बारीक करत मिटवा. बेरीज करा: ८० + ६४ + ६४ + ६४ + ३२ + २० + ३२, म्हणजे ३५६ सेकंद, चार कमी सहा मिनिटं.

श्वासाबद्दल आणखी थोडं, कारण पांढरी तीनची बासरी लांब आणि पोकळ, फुंक बरीच खाते. बसून, निवांत, मध्य षड्ज किती सेकंद धरता येतो ते मोजा. समजा १८ आले. लिहिताना १२ च धरा. लोकांसमोर छातीत धडधड असते, पहाटेची हवा गार असते, श्वास तोकडा पडतोच. १६ मात्रांच्या ओळीत म्हणून दोन श्वास लागतील. एक ओळीच्या शेवटी, दुसरा आठव्या मात्रेवर, 'सा रे ग –' मधल्या रेघेच्या जागी. तिथं एक शब्द संपत असेल तर उत्तमच. शब्दाच्या मधोमध श्वास येत असेल तर जागा बदला. शब्द ऐकू येत नसले तरी म्हणणाऱ्याच्या मनात ते तुटतात. श्वासाच्या जागा नोटेशनवर लाल पेन्सिलीनं आधी ठरवा, मग तशीच तालीम करा. तालमीत एका जागी आणि कार्यक्रमात दुसऱ्या जागी श्वास घेतला की पुढची अख्खी ओळ गडबडते.

तबला नसल्यानं लय सांभाळायचं कामही तुमचंच. साधी चाल आणि खण भरलेली चाल फोनवरच्या मेट्रोनोमवर ६० ला बसवा. पण दर मात्रेला ठोका नको, आठ मात्रांना एकच ठोका लावा. मधल्या सात मात्रा तुमच्या तुम्ही मोजायला शिकलात की एकट्यानं वाजवताना लय पळत नाही. पळते ती बहुतेक वेळा 'सा – – –' वर. रिकाम्या मात्रा माणूस कमी मोजतो. पायाच्या अंगठ्यानं त्या तीन मात्रा मोजा.

ओळखीची चाल एकट्या सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यावर, साथीशिवाय, फेरीगणिक भरत नेण्याची रीत दुसरीकडेही रुजलेली आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये सतराव्या शतकात याकोब फान आइक हा अंध वादक चर्चच्या घंटा वाजवायचा आणि चर्चच्या आवारात येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी रेकॉर्डर नावाची उभी बासरी वाजवायचा. लोकांच्या तोंडी असलेली गाणी आणि प्रार्थनागीतं त्यानं एकट्या रेकॉर्डरसाठी बांधली, ती १६४० च्या दशकात छापली गेली. आधी साधी चाल, मग दर फेरीला एका स्वराचे दोन, दोनाचे चार, आणि खांब जागच्या जागी. ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. एक ऐका आणि कागदावर टिपा की चाल कुठं कुठं उघडी ठेवली आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सावधगिरी. तुम्ही पाठवलेल्या कागदावर दोन पद्धती मिसळल्या आहेत. भातखंडे पद्धतीत मंद्र स्वराला खाली बिंदू आणि तार स्वराला वर बिंदू. पलुस्कर पद्धतीत मात्र वरचा बिंदू मंद्र दाखवतो आणि तार स्वराला वर उभी रेघ असते. म्हणजे तोच बिंदू एकीकडे वरचं घर सांगतो, दुसरीकडे खालचं. चौथ्या भागात तर सगळा खेळच घरांचा आहे. कोणतीही एकच निवडा. विष्णु दिगंबर पलुस्करांचा (१८७२–१९३१) आणि तुमच्या पंचवटीचा ऋणानुबंध आहे. त्यांचा रामनाम आधार आश्रम तिथलाच. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या मात्रेची खूण असते. एक मात्रा, अर्धी, पाव, सगळं वेगळं दिसतं. साथ नसलेल्या रचनेला ते सोयीचं पडतं.

चाल परंपरेची असेल तर कुणाची परवानगी लागत नाही. एखाद्या संगीतकारानं बांधलेली असेल आणि ध्वनिमुद्रण पुढं कुठं प्रसिद्ध करायचं असेल, तर आधी चौकशी करा. आपल्याकडे रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो.

रचना कागदावर आली की पत्नींना बसवा, पण सुरुवातीपासून ऐकवू नका. तिसऱ्या भागातली एकच ओळ वाजवा आणि विचारा, 'हे काय आहे?' मग चौथ्यातला एक संवाद. मग दून. ज्या तुकड्याला त्या तीन-चार सेकंद थांबून विचार करतील, तिथं खांब हललाय. परत जाऊन १, ५, ९, १३ तपासा.

पाडव्याच्या पहाटेची एक गोष्ट आधीच आखून ठेवा. हवा एका अंशानं गार झाली की बासरीचा सूर साधारण ३ सेंट उतरतो, आणि एका अर्धस्वरात १०० सेंट असतात. घरात २५ अंशांत तालीम आणि पटांगणात १५ अंश, तर हिशेबानं ३० सेंटचा फरक. तुमच्या श्वासाच्या उबेनं तो थोडा भरून निघतो, पण हळूहळू. म्हणजे वाजवता वाजवता सूर वर चढत राहतो. एकट्या बासरीला दुसऱ्या कुणाशी जुळवायचं नसलं तरी आलापातला षड्ज आणि शेवटचा षड्ज वेगळे पडतात, तेही श्रोता शेवटची ओळ पहिल्या ओळीशी ताडून पाहत असताना. म्हणून बासरी शालीत गुंडाळून न्या. नाव पुकारण्याआधी दहा मिनिटं सहाही छिद्रं बंद करून आत सावकाश ऊब सोडत राहा, आवाज न काढता. आत पाणी साचलं तर पातळ सुती कापड काठीला गुंडाळून फिरवा. माईक तोंडासमोर नको. फुंकेच्या छिद्रापासून वीतभर अंतरावर, थोडा वर आणि बाजूला, म्हणजे फुंकेचा वारा थेट त्यात जाणार नाही. आधीच्या गाण्याला माईक ज्या उंचीवर होता त्याच उंचीवर तो तुमच्यापुढे येईल. मांडी घालून बसल्यावर तो खाली घ्यायला सांगा, आणि तो नीट लागेपर्यंत आलाप सुरू करू नका.